पुराच्या खुणांचा खांब

टेपची कडी अडकवायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी समोरच्या खांबात खिळा ठोकला. दोन घावांत बसला. जुन्या सागात खिळा सरळ जाणं सोपं नसतं. मी स्वतःवर खूश होऊन टेप ओढत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला निघालो. चार पावलं गेलो असेन नसेन, तोच मागून आवाज आला.

"ओ भाऊ! तो खिया काढा. आते ना आते काढा."

एक म्हातारा नदीच्या पायऱ्या चढून येत होता. धोतर, बंडी, हातात डांबराचा डबा. खाली वाळूत होडी पालथी घातलेली होती, तिला डांबर लावायचं काम अर्धं टाकून आलेला.

मी सरकारी माणूस. वय अठ्ठावीस, पायात बूट, कानावर शिसपेन्सिल. मी म्हटलं, "बाबा, माप झालं की काढतो."

"माप मंग. पयले खिया."

खिळा काढला. ठोकताना जेवढी हुशारी दाखवली तेवढी काढताना नव्हती. खिळ्याबरोबर खांबाची बोटभर ढलपी निघून आली. म्हाताऱ्याने ती उचलली, जागेवर लावून पाहिली. बसेना, तेव्हा बंडीच्या खिशात टाकली. मग शांतपणे म्हणाला, "आम्हना बापनी करेल खूण व्हती. अर्धी गई."

तेव्हा मी खांबाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. गुडघ्यापासून वर, पार माझ्या डोक्याच्या वर वीतभर, आडव्या खाचा कोरलेल्या होत्या. काही बोटभर लांब, काही चांगल्या वीतभर. दोन खाचांच्या शेजारी एकेक बारीक भोक. मी समजलो होतो की जुन्या सुताराची नक्षी असेल. मोजून पाहिल्या, तेवीस होत्या.

या म्हाताऱ्याचं नाव झिपरू नाना. गावाचं नाव मी इथे पिंपळथडी ठेवतो. खरं नाव सांगून उपयोग नाही, तिथे आता पाणी आहे. तापीवर एका धरणाचं काम चालू होतं आणि त्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली घरं मोजायला मला पाठवलेलं होतं. मी इरिगेशनमधला ओव्हरसियर. ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअरसाहेबांच्या खालचा आणि मजुरांच्या वरचा माणूस. दोघांच्याही शिव्या त्याला सोयीने पोहोचतात. आमचं बिऱ्हाड धुळ्याला होतं. मूळचा मी सावद्याकडचा, त्यामुळे अहिराणी कळायची. पण बोलायला गेलो की समोरचा तोंडावर हात धरून हसायचा. म्हणून मी ऐकायचोच.

बरोबर टेप धरायला धोंडू नावाचा एक मिशीवाला गडी होता. आमच्या खात्यात टेप धरणाऱ्याला खलाशी म्हणतात, तो जन्मात होडीत बसलेला नसला तरी. त्या दिवशी हा खलाशी पाणी प्यायला गेला आणि खऱ्या नावाड्याच्या घरात मी खिळा ठोकला.

झिपरू नानांच्या घराण्याकडे पिंपळथडीची नाव होती. पलीकडच्या काठाला जाणारी माणसं, गुरं, नवरदेव, बाळंतिणी, सगळी यांच्या नावेतून जायची. पाणी चढलं की नाव बंद. मग अडकलेले उतारू याच ओट्यावर थांबायचे, कधी एक दिवस, कधी तीन. त्यांच्या भाकरी या घराच्या चुलीवर. ओटा म्हणूनच इतका लांब होता. मी मोजला, बेचाळीस फूट. त्याच्यासमोर अंगण, अंगणात दोन निंब, एक चिंच, होड्या दुरुस्त करायची जागा आणि तिथून थेट पाण्यापर्यंत काळ्या दगडाच्या पायऱ्या.

खुणांची रीत नानांनी त्याच दिवशी सांगितली. पूर ओसरला की घरात चिखल राहतो. तो चिखल काढायला कोणी हात लावायचा नाही. आधी घरातल्या कर्त्याने पटाशी घ्यायची आणि खांबावर जिथवर चिखलाची रेघ आली तिथे खाच करायची. मग बायकांनी खराटे उचलायचे. भोकं होती त्या दोन सालांत नाव गेली होती, माणसांसकट.

"हाई वरनी?" मी माझ्या डोक्यावरच्या खाचेकडे बोट केलं.

माझी अहिराणी ऐकून नानांची सून आत हसली. नाना मात्र हसले नाहीत. "ती आम्हना आजानी. तठलोंग तापीमाय ऊनी व्हती."

"मग घर कसं राहिलं?"

"भिंती गयात. भिंत जास, घर ऱ्हास."

हे वाक्य समजायला मला घराभोवती एक फेरी मारावी लागली. घराचा सगळा भार सागाच्या सांगाड्यावर होता. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर एकेका खांबाखाली तळखडा, म्हणजे खांब बसवायचा कोरीव दगड. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वर फूट-दीड फूट मातीचं धाबं. कुठेही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. पुढच्या अंगाची तुळई तर अखंड, एका झाडाची. मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या. पूर आला की माती विरघळून जायची, पाणी घरातून आरपार वाहायचं, आणि सांगाडा धाब्यासकट उभा राहायचा. पाणी उतरलं की नव्या भिंती घालायच्या. आत्ताच्या भिंती सात वर्षांपूर्वीच्या पुरानंतरच्या होत्या. मी डिप्लोमाला तीन वर्षं घासली, पण नदीला दार उघडून देणारं घर बांधायचं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

असलं कौतुक लिहायला माझ्या फॉर्मात जागा नव्हती. रकाने असे होते: जोते, भिंती, छप्पर, बांधकामाचे वय, शेरा. भिंती मातीच्या, छप्पर मातीचं, म्हणजे घर कच्चं. नदीच्या पायऱ्या नदीच्या हद्दीत, म्हणजे सरकारी, त्यांचं मूल्यांकन शून्य. त्या नानांच्या पूर्वजांनी बांधल्या याला काही अर्थ नाही. झाडांची नोंद वेगळ्या कागदावर. आणि वय! या रकान्याने मी पुढे किती तरी घरं मारली. नियम साधा होता. घर जितकं जुनं तितकी त्याची किंमत कमी धरायची. एका ठराविक वयाच्या पुढे ते घर राहतच नाही, मोडीचं लाकूड होतं.

मी पेन्सिल हातात धरून नानांना विचारलं, "घर किती वर्षांचं?"

"सात पिढ्या व्हयन्यात."

मी पेन्सिल खाली ठेवली. "नाना, नीट आठवा. भिंती तर सातच वर्षांच्या आहेत."

"भिंतीस्नं वय इचारतस का घरनं?"

"समजा, मी तीस वर्षं लिहिलं तर?"

नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी त्यांच्या आजोबांना पाळण्यात घालायला निघालो होतो. मग म्हणाले, "वय कमी करीसन काय घरनं लगन लावनं शे का, भाऊ?"

आतून सून पुन्हा हसली. चहा आला, गुळाचा. मी समजावून सांगितलं की जुनं लिहिलं तर पैसे जवळपास काही मिळणार नाहीत. नानांनी कप खाली ठेवला आणि त्यांना काय हवं होतं ते सांगितलं. मी ते शब्दशः लिहितो, कारण पुढे मला ते वारंवार ऐकू आले.

"माले पैसाना लोभ नही. माले घर नेनं शे. खांब, तुळया, दारं, बठ्ठं. नवा गावमा परत उभं करसू. उतरावाले सुतार लागी, गाड्या लागतीन, तितलं भेटनं म्हंजे व्हयनं."

घर उतरवायला त्यांनी माणूसही ठरवून ठेवला होता. सावद्याचा इब्राहीम मिस्त्री. माझ्याच गावचा म्हणून मला ऊर भरून आला. हा मिस्त्री जुनी घरं खुंट्या काढून उतरवायचा, प्रत्येक लाकडावर खडूने आकडे घालायचा आणि दुसरीकडे जसंच्या तसं उभं करून द्यायचा. त्याला महिनाभराचं काम होतं आणि मजुरी लागणार होती. सरकारी नियमाप्रमाणे मोडीच्या हिशेबात ती बसत नव्हती. पुढच्या पावसाळ्याआधी गाव रिकामं करायचं होतं.

थोडक्यात, घर पाण्याखाली जाणार की नव्या गावात उभं राहणार, हे माझ्या फॉर्मावर ठरणार होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मला वाटलं, आपण यातून वाट काढू.

वाट मला शेऱ्याच्या रकान्यात दिसली. वय मी खरं लिहिलं, सात पिढ्या म्हणजे दीडशे वर्षं. नानांच्या तोंडासमोर दुसरं लिहिण्याची छाती नव्हती. पण शेऱ्यात, माझ्या उत्तमोत्तम सरकारी मराठीत, चार ओळी खरडल्या. या घरातील पुढील खांबावर तापी नदीच्या तेवीस पुरांच्या खुणा कोरलेल्या असून त्या ऐतिहासिकदृष्ट्या व जलशास्त्रीयदृष्ट्या मौल्यवान आहेत, तरी या घराचा विशेष बाब म्हणून विचार व्हावा. घरी येऊन मी ते बायकोला वाचून दाखवलं. सुमन मॅट्रिक झालेली, तिने 'जलशास्त्रीय' दोनदा म्हणायला लावलं आणि छान आहे म्हणाली. आम्ही दोघंही खूश होतो. आता अशा गोष्टींना हेरिटेज म्हणतात म्हणे. तेव्हा तो शब्द आमच्याकडे नव्हता, म्हणून मी 'विशेष बाब' लिहिलं.

आठ दिवसांनी डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. वक्तशीर, हुशार, कामाला वाघ. माझा फॉर्म त्यांच्या पुढ्यात होता.

"चौधरी, हे काय लिहिलंयत?"

"साहेब, त्या घराला जरा…"

"घर सोडा. खुणा खऱ्या आहेत का?"

"मी स्वतः मोजल्या, साहेब. तेवीस."

"सगळ्यात वरची केवढ्या उंचीवर?"

"माझ्या डोक्याच्या वर वीतभर."

"तुमचं डोकं हे काही माप नाही," साहेब म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

त्याचं कारण असं. धरणाला सांडवा असतो, म्हणजे जास्तीचं पाणी सोडून देण्याची जागा. तो किती मोठा ठेवायचा हे नदीला आजवर आलेल्या सर्वात मोठ्या पुरावरून ठरतं. त्या पुराची पातळी म्हणजे एच.एफ.एल. खात्याकडे नदीच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या होत्या. डिझाइन ऑफिस दर महिन्याला पत्र पाठवून विचारायचं, जुन्या पुरांचा काही पुरावा आहे काय. आणि इथे शंभर-दीडशे वर्षांचा पुरावा एका नावाड्याच्या ओट्यावर उभा होता.

"खांब ऑफिसला घेऊन या," साहेब म्हणाले.

"खांब?"

"खांब. फोटोत खोली कळत नाही. डिझाइनवाले स्वतः बघतील. पुढे एखाद्या म्युझियमलाही देता येईल. नीट आणा, खालच्या दगडासकट. तुटायला नको."

मी म्हटलं, "साहेब, घराचं काय?"

"घर वयात बसत नाही. तुम्हीच दीडशे लिहिलंयत. पण खांबाचं वेगळं मूल्य लावू. म्हाताऱ्याला सांगा, काहीतरी मिळेल."

मी निघालो तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. माझं चार ओळींचं टिपण साहेबांनी वाचलं होतं. खांब म्युझियममध्ये जाणार होता. मी सायकलवर पायडल मारताना मनात त्याच्याखालची पाटीसुद्धा लिहून काढली.

नानांना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी खांबाला हात लावून वर तुळईकडे पाहिलं. इब्राहीम मिस्त्री तिथेच होता. घर बघायला, खडू घेऊन आलेला.

"खांब काढा तं तुळई कसावर ऱ्हाई?" नानांनी विचारलं.

"टेकू देऊ, नाना. नंतर मिस्त्री तिथे दुसरा खांब बसवतील."

"जपतीन ना त्याले?"

"काचेत ठेवतील," मी म्हणालो. मला कोणी काचेचं सांगितलं नव्हतं. ते माझं मी घातलं.

नानांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "निकालना हो तो निकालो. पर पहले ऊपर की मिट्टी उतारो. पूरा धाबा खाली करो, फिर खंबे को हाथ लगाओ. दो दिन का काम है."

"दोन दिवस देऊ," मी म्हटलं.

"तू सांगस तं ठीक शे, भाऊ," नाना म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. घरच्या पोराला म्हणतात तसं.

माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली अशी. खांबावरच्या खुणा कितीही जुन्या असल्या तरी त्या एकट्या काहीच सांगत नाहीत. खूण ओट्यापासून सहा फुटांवर आहे, हे ठीक. पण ओटा किती उंचीवर आहे? ते कळण्यासाठी डंपी लेव्हल नावाची दुर्बीण लावून, जवळच्या सरकारी बेंचमार्कपासून म्हणजे उंची ठाऊक असलेल्या दगडापासून, मोजत मोजत खांबाच्या पायापर्यंत यावं लागतं. पायाची पातळी मिळाली की तेवीस पुरांच्या तेवीस पातळ्या मिळाल्या. पाया हलला की तो नुसता खाचा पाडलेला सोट. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. आमची डंपी लेव्हल तेव्हा साक्रीला एका पाटाच्या कामावर गेली होती. मी ठरवलं, ती सोमवारी येईल, मंगळवारी पातळी घेऊ, मग धाबं उतरवू, मग खांब.

शनिवारी सकाळी ट्रक आला.

बरोबर साहेब जीपमधून, आणि ठेकेदाराची आठ माणसं. ट्रक दुसऱ्या विभागाचा होता, एका दिवसापुरता मिळालेला. इकडे सामान टाकून रिकामा परत जाणार होता. साहेबांनी म्हटलं, संधी आहे.

मी म्हटलं, "साहेब, लेव्हल मंगळवारी येतेय. पायाची पातळी…"

"तळखडा बरोबर नेतोय ना? ऑफिसात आरामात मोजू."

त्या क्षणी ते वाक्य मला चुकीचं वाटलं नाही, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. साहेब इतक्या ठामपणे बोलले की मीही मान हलवली. दोन शिकलेली माणसं, आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही की पाया उचलून ट्रकमध्ये टाकला की त्याची पातळी ट्रकची होते.

दुसरी चूक त्यानंतर दहा मिनिटांनी.

इब्राहीम मिस्त्री अंगणात होता. टेकू म्हणून आणलेल्या बल्ल्या बघून तो पुढे आला. "साहब, मिट्टी उतारे बिना मत छेडो. पूरा बोझा इसी पाट पर है." त्याने वरच्या तुळईकडे बोट केलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण हा?"

"सुतार आहे, साहेब. जाणकार आहे. दोन दिवस लागतील म्हणतो."

"ट्रक आज आहे."

"हो, साहेब."

एवढंच माझं बोलणं. मी तेव्हा खांबाला पाठ लावून उभा राहायला हवं होतं. मिस्त्री ओव्हरसियर नव्हता, नाना ओव्हरसियर नव्हते. तिथे अडवण्याइतका अधिकार माझ्या एकट्याकडे होता, निदान साहेबांना तासभर चिडवण्याइतका तरी. मी टेप गुंडाळत उभा राहिलो. हाताला काहीतरी काम हवं होतं.

चार बल्ल्या लावल्या. खांबाच्या वरची खुंटी ठोकून काढली. मग पहारी तळखड्याखाली घालून तो उचलायला सुरुवात केली. खांब हलला. बाहेर काढलाही, सांगायला हरकत नाही, एक ओरखडा न येता. सहा माणसांनी तो अंगणात आडवा केला आणि साहेब म्हणाले, "शाबास." तेवढ्यात बल्ल्यांच्या बुडाशी जोत्याचा एक चिरा नदीकडे सरकला.

आवाज मोठा नव्हता. आधी लाकूड करकरलं, मग वरची माती घसरल्याचा सळसळाट. तुळई मधोमध मोडली आणि बेचाळीस फुटांच्या ओट्यावरचं धाबं पुढच्या अंगाने खाली बसलं. धुळीने अंगण पांढरं झालं. निंब दिसेना, ट्रक दिसेना.

त्या धुळीतून नानांचा आवाज आला. "कोनी हालू नका! जठे शे तठे!" आणि ते मोजायला लागले. एक, दोन, तीन. नाव उलटली की नावाडी पहिल्यांदा डोकी मोजतो, हे मला मागाहून कळलं. एकेकाच्या खांद्याला हात लावत ते फिरत होते. माझ्या खांद्याला लागला तेव्हा "सहा" म्हणाले. साहेब सात. सून मागच्या दाराने बाहेर आली होती, ती नऊ. शेवटी ठेकेदाराचा एक माणूस मातीखालून ओढून काढला. त्याचा पाय घोट्याशी मोडला होता, पण जिवंत होता.

"तेरा," नाना म्हणाले. "बठ्ठा शेतस." मग ते खाली बसले.

त्या माणसाला जीपमधून दवाखान्यात नेलं. खांब ट्रकमधून गेला, तळखड्यासकट. मी थांबलो. मिस्त्रीने मातीतून तुळईचं मोडकं टोक उघडं केलं, त्यावरून हात फिरवला. आतून लाकूड अजून लाल होतं, वास येत होता. तो म्हणाला, "इतना लंबा सागवान अब कहाँ मिलेगा. अब ये घर नहीं साहब, लकडा है." खडूचा तुकडा त्याच्या कानावर तसाच होता. एकाही लाकडावर अजून आकडा घातलेला नव्हता.

मंगळवारी डंपी लेव्हल आली. मी पिंपळथडीला गेलो आणि जे उरलं होतं त्याची पातळी घेतली. जोत्याचा पुढचा भाग नदीकडे कलला होता. एका टोकाचा दगड आणि दुसऱ्या टोकाचा दगड यांत दीड फुटाचा फरक आला. तापीच्या पुरात दीड फूट म्हणजे केवढं पाणी, हे लिहून सांगण्यासारखं नाही. मी दोन्ही आकडे लिहून पाठवले. डिझाइन ऑफिसचं उत्तर तीन ओळींचं आलं: पातळीबाबत खात्री नसल्याने सदर पुरावा ग्राह्य धरता येत नाही.

खांब काचेत गेला नाही. तो आमच्या स्टोअरच्या मागे, सिमेंटच्या गोण्यांखाली ओल लागू नये म्हणून आडवा टाकलेला होता. साहेबांची बदली झाली. दोन-तीन वर्षांनी स्टोअर हलवलं, त्यानंतर खांब कुठे गेला, मला माहीत नाही. मी शोधलाही नाही. सापडला असता तर काय करायचं होतं?

नानांचं उरलेलं लाकूड धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने नेलं. त्याची कपाटं झाली असतील. खांबाचं म्हणून वेगळं मूल्य कधी मंजूर झालं नाही, कारण पुरावाच ग्राह्य नव्हता. नव्या गावठाणात नानांना पत्र्याची शेड मिळाली. नदीपासून चार मैल. त्यांची होडी कोणी नेली नाही, ती अंगणातच राहिली. पाणी चढलं तेव्हा ती तरंगली असावी.

ते पाणी बघायला नाना नव्हते. नव्या गावात ते सात महिने राहिले. पावसाळ्याच्या तोंडावर ताप आला आणि चार दिवसांत गेले. मला दहाव्याच्या दिवशी कळलं. मी गेलो. पत्र्याखाली भट्टीसारखी ऊब होती. सुनेने मला पाट दिला, गुळाचा चहा दिला. मी एक-दोन शब्द बोललो, अहिराणीत. यावेळी तिला हसू आलं नाही.

आमच्या धंद्यातला धडा सांगायचा तर एका ओळीचा आहे. आधी पातळी घ्यावी, मग वस्तूला हात लावावा. माझ्या हाताखाली पुढे जे ज्युनिअर आले त्या सगळ्यांकडून मी तो घोकून घेतला. ते मान हलवायचे आणि मनात म्हणत असतील, एवढ्याशा गोष्टीसाठी चौधरीसाहेब इतके कशाला चिडतात.

त्या दहाव्याहून परत आलो त्या दिवशी सुमन भाकरी थापत होती. तिला सगळी हकीकत तुकड्या-तुकड्यांनी माहीत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा ती सलग सांगितली, खिळ्यापासून चहापर्यंत. साहेबांवर मी बराच वेळ बोललो. ट्रकवर बोललो. डिझाइन ऑफिसला तर काही शिल्लक ठेवलं नाही. म्हटलं, घर वाचवायला मी लिहिलं होतं ग, आणि या लोकांनी बघ काय केलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुम्हीच लिहून दिलंत ना, त्या घरात मोलाचा तेवढा खांब आहे म्हणून," ती म्हणाली. "मग त्यांनी तेवढाच नेला. त्यांचं काय चुकलं?"